लाल टिकली बघून भुलू नका

मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीच्या दिवशी पहाटे मेणवलीच्या घाटावर जलरंग घेऊन बसते, वीसेक वर्षं झाली. त्यातली काही चित्रं फेसबुकवर टाकली होती. 2023च्या पावसाळ्यात एका गृहस्थांचा फोन आला, क्युरेटर, म्हणजे चित्रं निवडून प्रदर्शन भरवणारा, अशी ओळख दिली. 'मॅडम, तुमचा हात फार सुंदर आहे. मुंबईत काळा घोड्याला ग्रुप शो करतोय, तुम्ही हव्यातच.' इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल असं कुणी बोललंच नव्हतं. मी तिथेच विरघळले.

दोन चित्रांचं सहभाग शुल्क 18,000 रुपये. पण घाट नको म्हणाले. 'जलरंगाला गिऱ्हाईक नाही. गणपती करा, बुद्ध करा, कॅनव्हासवर, वर सोनेरी वर्ख लावा.' मी का-कू केलं तेव्हा नामवंत चित्रकार गायतोंडेंचं नाव काढलं. '2021च्या लिलावात त्यांचं एक चित्र 39.98 कोटींना गेलं. बाजार कुठे चाललाय बघा!' वासुदेव गायतोंडे 2001 सालीच गेले, ते कोटी चित्राच्या मालकाला मिळाले, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. शिवाय ते वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, तीही बाजार विचारून नव्हे. मी मात्र चार महिने गणपती रंगवले. वर्ख श्वासानेसुद्धा उडतो, म्हणून पंखा बंद करून घामाघूम होऊन बसायचे. त्या चार महिन्यांत एकदाही मेणवलीला गेले नाही. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलंय.

प्रदर्शन भरलं ते काळा घोड्याला नाही, उपनगरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. साठेक चित्रकार, चित्रांना श्वास घ्यायला जागा नाही. बघायला आलेले म्हणजे आम्हीच आणि आमचे नातेवाईक. तरीही दुसऱ्या दिवशी माझ्या गणपतीखाली लाल टिकली! चित्र विकलं गेल्याची खूण. घरी फोन करताना मला रडू आवरेना. त्याच संध्याकाळी 'दुबईच्या शोला तुमची जागा धरून ठेवतो' म्हणत त्यांनी आणखी 25,000 आगाऊ घेतले.

शेवटच्या दिवशी आवराआवर चालू होती. त्यांच्याकडचा एक मुलगा भिंतीभिंतीवरून फिरत नखाने एकेक टिकली सोडवून परत कागदावर चिकटवत होता. माझीही सोडवली. विचारलं तर 'गिऱ्हाइकाने कॅन्सल केलं' एवढंच. दुबईचा शो झालाच नाही, पुढे फोनही उचलेनात. पोलीस ठाण्यात पावती दाखवली, तिच्यावर 'सहभाग शुल्क, परत मिळणार नाही' असं छापलेलं. 43,000 रुपये गेले.

खरी गॅलरी चित्र विकलं गेलं की कमिशन घेते, कधी तिसरा हिस्सा, कधी निम्मा. म्हणून ती विकायला धडपडते. या गृहस्थांचे साठ जणांकडून सुमारे 10 लाख 80 हजार चित्रं टांगायच्या आधीच जमले होते. गिऱ्हाईक आणायची त्यांना गरजच काय? गिऱ्हाईक आम्हीच होतो. पैसे भरावे लागले म्हणजे फसवणूकच, असंही नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत दालनाचं भाडं चित्रकारच भरतो, पण तिथे अर्ज करावा लागतो, निवड होते, तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. इथे मी पैसे पाठवले आणि तासाभरात माझी 'निवड' झाली. म्हणून सांगते, हॉलचं नाव विचारा आणि बुकिंग आहे का ते हॉलवाल्यांना स्वतः फोन करून बघा. आधीच्या कॅटलॉगमधल्या दोघा-तिघा चित्रकारांशी बोला. टिकली लागली तर खरेदीची पावती हातात पडेपर्यंत पुढचा एक रुपया देऊ नका.

गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. 'बाई, मुंबईहून प्रदर्शनाचं बोलावणं आलंय, 18 हजार भरायचेत.' पोस्टर पाठव म्हटलं. नंबर वेगळा, नाव वेगळं. 'आमच्याकडे विकली गेलेली चित्रं' म्हणून खाली चार फोटो होते. त्यातला तिसरा माझा गणपती होता, लाल टिकलीसकट. पैसे भरू नकोस म्हणून तिला सांगितलं आणि हे लिहायला बसले.