पॅकसेफची चोरीरोधक बॅग: परदेशी फिरणाऱ्या कॅमेऱ्यासाठी

खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध असलेल्या बार्सिलोनाच्या ला रांब्ला रस्त्यावर किंवा तिथल्या मेट्रोत कॅमेरा घेऊन फिरायचे असेल, तर पॅकसेफची बॅग मी आवर्जून सुचवेन. कंपनीच्या अनेक बॅगांत कापडाच्या आत पोलादी तारांची जाळी आणि पट्ट्यातही तार असल्याने त्या ब्लेडने सहज कापता येत नाहीत. शिवाय चेनची टोके आकड्यात अडकवता येत असल्यामुळे पाठीमागून नकळत हात घालणे अवघड होते. उपाहारगृहात पट्टा खुर्चीच्या पायाभोवती अडकवण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिथेच आपले लक्ष ढळते. जाळीमुळे वजन थोडे वाढते, ते सोसावे. विमानातही बॅग जवळच ठेवावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत.