प्रोपेनवर चालणारा छोटा जनरेटर: ह्यूस्टनच्या पाच दिवसांनंतरचा अभिप्राय

८ जुलै २०२४ च्या पहाटे बेरिल वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर मॅटागोर्डाजवळ धडकले आणि ह्यूस्टन परिसरातील २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमच्या घरी ती पाचव्या दिवशी आली. तोवर घर ज्याच्या आधारावर चालले, तो पेट्रोल आणि प्रोपेन (टाकीत भरून मिळणारा इंधन वायू) या दोन्ही इंधनांवर चालणारा सुमारे २००० वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर (स्थिर दाबाची वीज देणारा) आम्ही एप्रिलमध्येच घेतला होता. त्या महिन्याच्या अखेरीस टेक्सासमध्ये आपत्कालीन साहित्यावरील विक्रीकर तीन दिवस माफ असतो आणि ३००० डॉलरपेक्षा कमी किमतीचे जनरेटर त्यात बसतात.

या यंत्राचा खरा गुण म्हणजे प्रोपेन. वीज नसल्याने कित्येक पेट्रोलपंप बंद होते आणि चालू असलेल्यांपुढे लांबच लांब रांगा होत्या. शिवाय साठवलेले पेट्रोल काही महिन्यांत खराब होते, प्रोपेन होत नाही. बार्बेक्यूसाठी वापरतात तशी २० पौंडांची एक टाकी आम्हाला जेमतेम एक दिवस पुरली, तीही फ्रीज, दोन दिवे, वायफाय आणि रात्री खिडकीत बसवलेला छोटा एसी एवढ्याच भारावर. प्रोपेनवर वीज पेट्रोलपेक्षा थोडी कमी मिळते, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. संपूर्ण घराचा एसी त्यावर चालेल, अशी आशाच करू नये. फ्रीजचे दार न उघडल्यास अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते. आमच्या फ्रीजमध्ये मात्र इडलीच्या पिठाशेजारी सासूबाईंचे इन्सुलिन होते, त्यामुळे जुलैच्या त्या उकाड्यात चार तासांच्या हिशेबावर विसंबून राहणे शक्यच नव्हते.

तक्रारी दोन आहेत. यंत्र सुरू करण्याची दोरी इतकी घट्ट आहे की घरातील ज्येष्ठांना ती ओढणे जमत नाही. दुसरे म्हणजे खोक्यातून काढलेल्या इंजिनात तेल नसते आणि ही सूचना पुस्तिकेच्या आतल्या पानावर दडलेली आहे. आम्ही एप्रिलमध्येच तेल भरून चाचणी घेतली म्हणून बरे. वादळानंतर खोका उघडणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढल्यास यंत्र आपोआप बंद पडते, परंतु त्या भरवशावर ते गराजमध्ये, अगदी दार उघडे ठेवूनही, चालवू नये. घरापासून किमान २० फूट अंतर ठेवावे लागते, म्हणून बाहेर वापरण्याजोगी जाड आणि लांब एक्स्टेन्शन कॉर्ड वेगळी विकत घ्यावी लागली. जनरेटरची वायर भिंतीतील प्लगला जोडण्याचा सल्ला एका परिचिताने दिला होता. तसे केल्यास वीज घरातून उलट रस्त्यावरच्या तारांमध्ये शिरून दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव जाऊ शकतो.

त्यानंतर आम्ही प्रोपेनच्या आणखी दोन टाक्या घेतल्या आहेत. त्या घरात किंवा गराजमध्ये ठेवायच्या नसतात, म्हणून मागच्या अंगणात कुंपणाला उभ्या बांधून ठेवल्या आहेत.