फिशचे स्टुडिओ अल्बम: स्टेजवर कुठला किती वाजतो

'हॅरी हूड', 'माइक्स साँग' आणि 'वीकापॉग ग्रूव्ह' या तीन गाण्यांवर फिशच्या कितीतरी रात्री उभ्या राहिल्या आहेत. पण तिन्ही या बँडच्या एकाही स्टुडिओ अल्बमवर नाहीत. १९८३ साली व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला सुरू झालेला हा जॅम बँड, म्हणजे स्टेजवर गाणी ऐनवेळी सुचेल तशी फुलवत लांबवणारा रॉक बँड, ऐकायला अल्बमपासून सुरुवात करणाऱ्याने एवढं आधी जाणून घ्यावं. इथे अल्बमचा आवाज, मिक्सिंग किंवा मुखपृष्ठ यांचा विचार नाही. अल्बम घेतला तर त्यातलं किती प्रत्यक्ष कार्यक्रमात ऐकायला मिळेल, एवढ्याच कसोटीवर हे परीक्षण आहे.

आधी मोजपट्टी ठरवू. २०१७ साली २१ जुलै ते ६ ऑगस्ट या काळात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फिशने 'बेकर्स डझन' नावाने १३ रात्री केल्या आणि एकही गाणं पुन्हा न घेता २३७ गाणी वाजवली. म्हणजे रात्रीला सरासरी १८ गाणी. एवढा साठा अगदी समान फिरवला, तर प्रत्येक गाण्याची पाळी १३ कार्यक्रमांतून एकदा येते. म्हणून पाच-सहा कार्यक्रमांत एकदा येणारं गाणं 'नेहमीचं', १३च्या आसपास येणारं 'फिरतं' आणि तिसाच्या पुढे गेलेलं 'दुर्मीळ' धरावं.

नुसते एकूण आकडे मात्र फसवतात. 'यू एन्जॉय मायसेल्फ' हे फिशने सर्वांत जास्त वेळा वाजवलेलं गाणं. पण ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून आहे, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा बँड वर्षाला शंभराहून जास्त कार्यक्रम करत असे. २००९ नंतरच्या गाण्याला तेवढी संधी मिळणंच शक्य नाही. तेव्हा गाणं किती वेळा वाजलं, या आकड्याला ते पहिल्यांदा वाजल्यापासून झालेल्या कार्यक्रमांच्या संख्येने भागावं. समजा, एक गाणं १,६०० कार्यक्रमांत ४०० वेळा आणि दुसरं ४०० कार्यक्रमांत १०० वेळा वाजलं. दोघांचं प्रमाण एकच: चारातून एकदा. भाजक घेताना अल्बमच्या प्रकाशनाची तारीख धरू नये, कारण फिशची बरीच गाणी अल्बमवर येण्याआधी कैक वर्षं वाजत असतात.

दुसरी चूक सरासरीची. बारा गाण्यांच्या अल्बममधली दोन सतत वाजतात आणि दहा अडगळीत, तरी सरासरी बरी दिसते. त्यापेक्षा गाणी प्रमाणानुसार ओळीने लावून मधलं गाणं पाहावं. शिवाय एकाच गाण्याचे दोन तुकडे, मध्ये दुसरं गाणं घालून, एकाच रात्री वाजले तर ते एकदाच मोजावं. जॅममध्ये एखाद्या गाण्याची नुसती धून डोकावली, तर मोजूच नये. आणि हा हिशेब दोनदा करावा: एकदा सगळ्या कारकिर्दीचा, एकदा फक्त शेवटच्या तीन वर्षांचा. तिकीट काढणाऱ्याला दुसराच जास्त उपयोगी.

या कसोटीवर सर्वांत भक्कम उतरतो 'लॉन बॉय' (१९९०). नऊच गाणी, आणि त्यांतली 'रीबा', 'बाथटब जिन', 'स्प्लिट ओपन अँड मेल्ट', 'रन लाइक अ‍ॅन अँटिलोप' ही चार अजूनही कुठल्याही रात्रीचा मध्यबिंदू होऊ शकतात. 'द ओ की पा सेरेमनी' आणि 'माय स्वीट वन' तुलनेने मागे पडतात. पण पूर्णपणे मेलेलं असं गाणं या अल्बमवर नाही. 'बाथटब जिन' का टिकलं हे ऐकताच कळतं: बांधीव भाग आटोपशीर आणि शेवटाकडे पुरेशी मोकळी जागा. बंदिश छोटी आणि विस्ताराला वाव मोठा, हेच स्टेजवर टिकणाऱ्या जवळपास प्रत्येक फिश-गाण्याचं लक्षण आहे.

'जुंटा' (१९८९ साली आधी कॅसेट, मग १९९२ साली एलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीकडून पुन्हा प्रकाशित) याच्या उलट बाजूने शिकवतो. 'फ्लफहेड', 'द डिव्हायडेड स्काय', 'फोम' ही लांब, लिहून बांधलेली रचना-गाणी आहेत. तालीम नसेल तर ती उघडी पडतात. एक स्वर चुकला तरी श्रोत्यांना कळतो, आणि जॅममध्ये चूक लपते तशी इथे लपत नाही. 'फ्लफहेड' २००२ ते २००४ या काळात वाजलंच नाही. साडेचार वर्षांच्या खंडानंतर ६ मार्च २००९ ला व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनमध्ये बँड परतला, तेव्हा पहिलं गाणं तेच होतं. अशा अल्बमचा आकडा बँडने त्या वर्षी किती तालीम केली यावर वरखाली होतो.

'अ पिक्चर ऑफ नेक्टर' (१९९२) मध्ये सोळा तुकडे आहेत आणि त्यांत मोठी दरी आहे. 'ट्वीझर', 'स्टॅश', 'चॉक डस्ट टॉर्चर', 'कॅव्हर्न' एका टोकाला. 'एलायझा', 'मॅजिला', 'फाट' दुसऱ्या. मोजताना इथे दोन खड्डे आहेत. 'ट्वीझर रिप्राइज' बहुतेक वेळा त्याच रात्री किंवा त्याच मुक्कामात (एकाच जागी सलग होणाऱ्या रात्रींत) 'ट्वीझर'च्या मागोमाग येतं, त्यामुळे एकाच निर्णयाची दोनदा नोंद होऊन अल्बमचा आकडा फुगतो. 'द लँडलेडी'चं उलटं: स्वतंत्रपणे ते क्वचितच वाजतं, पण त्याचं संगीत 'पंच यू इन द आय'च्या पोटात बसवलेलं आहे. म्हणजे कानावर येतं, यादीत दिसत नाही.

'रिफ्ट' (१९९३) सलग ऐकायला सुंदर अल्बम आहे, एका झोपलेल्या माणसाच्या स्वप्नांभोवती गुंफलेला. पण तिकिटाच्या हिशेबाने पहिली खरेदी नव्हे. त्याची बहुतेक वादनं नव्वदच्या दशकात अडकली आहेत. 'मेझ' आणि 'इट्स आइस' भेटतात, 'वे' आणि 'माउंड'साठी नशीब लागतं. 'हॉइस्ट' (१९९४) मधून 'डाउन विथ डिझीझ' आणि 'वुल्फमन्स ब्रदर' घ्यावीत. 'रायकर्स मेलबॉक्स' हा तर स्टुडिओतला काही सेकंदांचा गोंधळ आहे, त्याला भाजकात धरणंच अन्याय. २६ जून १९९४ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला हा अल्बम सबंध वाजला होता. असे एकाच रात्रीचे अपवाद दुर्मीळ गाण्यांचं प्रमाण उगाच वाढवतात, हेही लक्षात ठेवावं.

'फार्महाउस' (२०००) या परीक्षणातला सर्वांत मोलाचा अल्बम आहे. स्टुडिओतला आवाज काहींना फार गुळगुळीत वाटतो, आणि ती तक्रार रास्त आहे. तरीही 'ट्विस्ट', 'पायपर', 'सँड', 'गॉटा जिबू', 'फर्स्ट ट्यूब', 'बॅक ऑन द ट्रेन' एवढी चालती गाणी एका जागी दुसरीकडे मिळत नाहीत. 'सँड', 'गॉटा जिबू' आणि 'फर्स्ट ट्यूब' ही फिशचा गिटारवादक ट्रे अनास्टासिओ याने बँडबाहेरचे बासवादक टोनी मार्केलिस आणि ड्रमवादक रस लॉटन यांच्यासोबत रचलेली गाणी. ठेका सुरुवातीपासूनच फिरता, बदल मोजके, त्यामुळे तालीम कमी लागते आणि दहा मिनिटं सहज निघतात. 'स्लीप' आणि 'द इनलॉ जोसी वेल्स' सोडली तर वाया जाणारं फार थोडं.

त्याच्या नंतरचे दोन अल्बम परिस्थितीचे बळी आहेत. 'राउंड रूम' (डिसेंबर २००२) दोन वर्षांच्या विरामानंतरच्या पुनरागमनाआधी थोड्या दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. त्यातली '४६ डेज' आणि 'वॉल्स ऑफ द केव्ह' टिकली, 'मॉक साँग' आणि 'थंडरहेड' नाही. 'अंडरमाइंड' १५ जून २००४ ला आला आणि ऑगस्टमध्ये व्हरमाँटमधल्या कॉव्हेंट्रीला बँड थांबला. नव्या गाण्यांना मुरायला दोन महिने मिळाले. या अल्बमचा कमी आकडा म्हणजे गाण्यांचा कमीपणा नव्हे. 'अ साँग आय हर्ड द ओशन सिंग' याचा पुरावा आहे.

'जॉय' (२००९) मधलं 'लाइट' जॅमसाठी कायमचं हाती आलं. त्याच अल्बममधलं 'टाइम टर्न्स इलॅस्टिक' लांब आणि पूर्ण लिहिलेलं, म्हणून लवकरच मागे पडलं. 'सिग्मा ओएसिस' (२०२०) वरच्या 'स्टीम' (२०११), 'मर्क्युरी' (२०१५) आणि 'एव्हरीथिंग्ज राइट' (२०१७) यांना आधीच स्टेजवर वर्षं मिळाली होती. त्यामुळे हा अल्बम नवा असूनही त्याचं मधलं गाणं चांगलं उभं राहतं.

एकच घ्यायचा असेल तर स्टुडिओ अल्बम सोडून 'अ लाइव्ह वन' (१९९५) घ्या. दोन सीडी, १९९४ मधल्या कार्यक्रमांतले बारा तुकडे. त्यांतले सहा तोवरच्या स्टुडिओ अल्बमवरचे आणि सहा त्यांबाहेरचे. 'हॅरी हूड' इथे मिळतं. बँगॉर, मेनमधलं 'ट्वीझर' अर्ध्या तासाचं आहे आणि पहिल्या ऐकण्यात जड जातं. ते मागे ठेवून 'स्टॅश'पासून सुरुवात करावी.

न्यू जर्सी किंवा बॉस्टनहून सलग तीन रात्रींच्या मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी शेवटचा हिशेब. एका मुक्कामात गाणी सहसा पुन्हा येत नाहीत. तिसऱ्या रात्रीचं तिकीट असेल, तर आधीच्या दोन रात्रींच्या सेटलिस्टमधली (वाजलेल्या गाण्यांच्या यादीतली) साधारण ३६ गाणी यादीतून खोडावीत आणि मागच्या मुक्कामात वाजलेल्यांवर अर्धी फुली मारावी. उरलेल्यांत ज्यांचा खंड त्यांच्या नेहमीच्या अंतरापेक्षा मोठा झाला आहे, ती गाणी घरून निघण्यापूर्वी ऐकून घ्यावीत.