एरिक आणि गूगल स्कॉलर: शैक्षणिक वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल, मग कारणं. शिकवण्याशी संबंधित संशोधन शोधायचं असेल तर सुरुवात एरिकवर करावी आणि पुढचा माग गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-लेख शोधण्याच्या सेवेवर काढावा. उलट गेलात तर पीडीएफचा ढीग साठतो आणि त्यातलं वाचून होत नाही. जवळजवळ पूर्ण शैक्षणिक वर्ष दोन्ही वापरून माझं हे मत झालं आहे.

एरिक हे अमेरिकेच्या शिक्षण विभागाचं शिक्षणविषयक संशोधनाचं ऑनलाइन भांडार, १९६० च्या दशकापासून चालत आलेलं. आज त्यात १५ लाखांहून जास्त नोंदी आहेत. पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. रूप अगदीच सरकारी आहे, पण त्याची सवय होते.

त्याची खरी किंमत कळते ती त्याच्या थिसॉरसमुळे, म्हणजे ठरवून दिलेल्या विषयशब्दांच्या कोशामुळे. प्रत्येक नोंदीला ठरावीक विषयशब्द जोडलेले असतात, त्यांना डिस्क्रिप्टर म्हणतात. समजा, मुलं अपूर्णांकांच्या बेरजेत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, यावर कुणी काय अभ्यास केलाय ते हवंय. आपल्या मनातलं अख्खं वाक्य शोधपेटीत टाकलं तर काहीही येतं. त्याऐवजी एक बऱ्यापैकी जुळणारा लेख सापडेपर्यंतच चाळायचं, तो उघडायचा आणि त्याचे डिस्क्रिप्टर बघायचे. तिथे 'फ्रॅक्शन्स' आणि 'मिसकन्सेप्शन्स' असे शब्द दिसतात. मग तेच दोन शब्द घेऊन, बाजूच्या गाळण्यांतून इयत्तेचा स्तर निवडून पुन्हा शोधायचं. यादी एकदम आटोक्यात येते. शोधण्याची जी काही कौशल्यं शिक्षक-प्रशिक्षणात सांगतात, त्यात मला सर्वात उपयोगी पडलेलं हेच: एका चांगल्या लेखाकडून शब्द उसने घ्यायचे.

नोंदीचा क्रमांकही बोलका असतो. 'ईजे'ने सुरू होणारा म्हणजे जर्नलमधला लेख, 'ईडी' म्हणजे अहवाल, परिषदेतले निबंध, मार्गदर्शिका वगैरे. शोधपेटीखाली दोन चौकटी आहेत. एकीत फक्त तज्ज्ञांनी तपासलेलं साहित्य मिळतं, दुसरीत फक्त एरिकवरच पूर्ण मजकूर असलेलं. दोन्हींवर डोळे झाकून टिक करू नका. पहिलीमुळे जुनं चांगलं काम गळतं, कारण जुन्या नोंदींना ती खूणच लागलेली नसते. दुसरीमुळे जर्नलमधले बरेचसे लेख जातात, कारण त्यांचा तिथे फक्त सारांश असतो.

तो पूर्ण मजकूर शोधायला मी स्कॉलरवर जाते. लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकायचं आणि 'ऑल व्हर्जन्स' उघडायचं. लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साठ्यात ठेवलेली मोफत प्रत बऱ्याचदा तिथे मिळते.

पण स्कॉलरचं खरं काम 'साइटेड बाय' या दुव्यापासून सुरू होतं. त्यावर त्या लेखाचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखांची यादी मिळते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग घ्या. विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला की स्वतःला तपासलं, एवढाच फरक. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र स्वतःला तपासणारे. प्रयोग छान आहे, पण तो प्रयोगशाळेतला आणि कॉलेजच्या मुलांवरचा. माझ्या वर्गाचं काय? 'साइटेड बाय'वर गेलं की वर एक चौकट दिसते: फक्त या लेखाचा संदर्भ देणाऱ्या लेखांत शोधा. तिथे टिक करून 'क्लासरूम' टाकलं की प्रत्यक्ष वर्गात हे कुणी करून पाहिलं ते समोर येतं. ही चौकट फारशी कुणाला माहीत नसते, याचं मला अजून नवल वाटतं.

स्कॉलरच्या मर्यादा ठाऊक असू द्या. तज्ज्ञांनी तपासलेलं तेवढंच दाखवणारी गाळणी त्यात नाही. प्रबंध, कच्चे मसुदे, परिषदेतली टिपणं सगळी एका रांगेत बसतात. तारखेनुसार क्रम लावला तर फक्त गेल्या वर्षभरात जमा झालेलं दिसतं, म्हणून डावीकडची 'अमुक वर्षापासून' ही सोय वापरलेली बरी.

एखाद्या दाव्याच्या मूळ स्रोतापर्यंत मागे जाण्याचा सराव करायचा असेल तर एक झकास विषय सुचवते. 'वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं' ही स्लाइड प्रशिक्षणांत फिरत असते आणि खाली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू (प्रत्यक्ष कृतीपासून नुसत्या शब्दांपर्यंत शिकण्याच्या अनुभवांची आकृती) मांडला हे खरं, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. दहाच्या पटीत इतके नीट बसणारे निष्कर्ष खऱ्या प्रयोगातून निघत नाहीत, ही शंका आधीच यायला हवी.

'लर्निंग स्टाइल्स'चंही, म्हणजे प्रत्येक मुलाची पाहून, ऐकून अशी शिकण्याची वेगळी शैली असते या कल्पनेचंही तसंच. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात म्हटलं, की शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही. तरी त्या नावाने एरिकवर लेखांचा पूर येतो. भांडारात असणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. सारांशात 'पद्धत प्रभावी ठरली' असं दिसलं की मी थेट कार्यपद्धतीच्या भागावर उतरते. किती मुलं होती, तुलनेला दुसरा गट होता का, किती आठवडे चाललं? अनेक लेख इथेच बाजूला पडतात.

चॅटबॉट मी फक्त पर्यायी शोधशब्द सुचवायला वापरते. संदर्भ मागितले तर तो खऱ्या लेखकांच्या नावावर अस्तित्वात नसलेले लेखही बिनदिक्कत देतो. त्याने दिलेलं प्रत्येक शीर्षक स्कॉलरवर पडताळल्याशिवाय पुढे पाठवू नका.

सापडलेले लेख आणि संदर्भ साठवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर. मोफत आहे, जर्नलने मागे घेतलेल्या लेखांवर इशाराही देतं. ऑनलाइन मोफत जागा ३०० एमबीच, तेव्हा पीडीएफ आपल्याच संगणकावर ठेवा.

उद्याच्या तासाला लगेच काही हवं असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. इंग्लंडच्या एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशनचा टूलकिट बघा. प्रत्येक उपायाचा खर्च, पुराव्याची ताकद आणि साधारण किती महिन्यांची प्रगती, हे तिथे एका नजरेत दिसतं. महिन्यांचा आकडा सरासरी असतो, म्हणून त्याच्या आधी पुराव्याची ताकद दाखवणाऱ्या कुलपांच्या चिन्हांची संख्या बघत जा.