टीव्हीखालचा एन१०० मिनी पीसी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भाद्रपदात, गणपतीच्या आधी इंटेलच्या एन१०० चिपचा हा मिनी पीसी, म्हणजे डबीएवढा छोटा संगणक, घेतला आणि आता वैशाख चालू आहे. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगा. रोज संध्याकाळी दोन-तीन तास त्याच्यावर काही ना काही लागलेलं असतंच. टीव्हीला जोडण्यासाठी खास पीसी घ्यावा का आणि घेतला तर कोणता, या विचारात असणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी टीव्हीला इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा जुना डेस्कटॉप जोडलेला होता. फुल एचडीपर्यंत त्याने कधी कुरकुर केली नाही. ५५ इंची ४के टीव्ही आला आणि गाडं अडलं. फोनवर घेतलेलं कोकणातलं ४के चित्रीकरण लावलं की आवाज पुढे आणि चित्र मागे. दुकानात विचारलं तर नवा आय५, वर ग्राफिक कार्ड, असा पन्नास हजारांच्या घरातला हिशेब निघाला. तेव्हा घाई केली नाही याचा आज आनंद आहे, कारण दुखणं प्रोसेसरच्या वेगाचं नव्हतंच.

व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये एक वेगळा भाग असतो, डीकोडर. फाइल ज्या पद्धतीने दाबलेली आहे ती पद्धत त्याला येत असेल, तर मुख्य प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसतो. येत नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडू लागतो. एचईव्हीसी आणि एव्ही१ या अशा दाबण्याच्या नव्या पद्धती. इंटेलच्या चिपमध्ये १०-बिट (जास्त बारीक रंगछटांचं) एचईव्हीसी पूर्णपणे सातव्या पिढीपासून आलं आणि एव्ही१ अकराव्यापासून. माझा आय३ या दोन्हींच्या आधीचा. शिवाय त्याच्या एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० फ्रेमनेच बाहेर पडायचं.

एन१०० ही २०२३च्या सुरुवातीला आलेली चिप. चार छोटे कोर, सहा वॅटची मर्यादा. कागदावर अगदी किरकोळ. पण एच.२६४, १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या सगळ्या पद्धती तिच्या डीकोडरला येतात, आणि माझ्या डबीला एचडीएमआय २.० आहे, म्हणजे ४के ६० हर्ट्झवर, सेकंदाला ६० चित्रं. सोळा हजारांच्या आसपास काम झालं. रॅम आठ जीबी पुरे, एसएसडी कोणतीही चालेल. त्यावर डोकं शिणवू नका. रास्पबेरी पाय ५ या आणखी छोट्या संगणकाचाही विचार केला होता. पण त्यात हार्डवेअर डीकोडिंग फक्त एचईव्हीसीचं आहे आणि आमच्याकडच्या बहुतेक फाइल एच.२६४च्या, म्हणून ते बाजूला ठेवलं.

विंडोज काढून लिब्रेएलेक टाकलं. ही लिनक्सवरची प्रणाली फक्त कोडी हा व्हिडिओ लावण्याचा प्रोग्रॅम चालवण्यासाठीच बनवलेली आहे. बटण दाबलं की थेट कोडी उघडतं, सासूबाईंना दुसरं काही दिसतच नाही. फाइल चालू असताना कीबोर्डवरचं इंग्रजी 'ओ' दाबलं की डीकोडिंग कोण करतंय ते पडद्यावर येतं. तिथे 'व्हीएएपीआय' (लिनक्समधून चिपचा डीकोडर वापरण्याचा मार्ग) आणि कंसात 'एचडब्ल्यू' (हार्डवेअर) दिसलं की निर्धास्त व्हायचं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त समाधान दिलं ती. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, खरं तर डिजिटल फाइलमध्ये बहुधा २३.९७६चा. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, अशी वाटणी करावी लागते. कॅमेरा संथपणे आडवा फिरला की चित्र बारीक बारीक धक्के खातं. वर्षानुवर्षं मी ते पाहत होते आणि फाइलच खराब आहे असं समजत होते. कोडीत फाइलनुसार टीव्हीचा रिफ्रेश रेट, म्हणजे हे हर्ट्झ, बदलण्याची सोय आहे. ती आधी चालू करा, बाकी सगळं नंतर. सिनेमाला २४, जुन्या डीव्हीडीला ५०, फोनच्या चित्रीकरणाला ६०. बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, तेवढा वेळ फाइल थांबवून ठेवण्याचीही सेटिंग आहे. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, टीव्ही बदललास का?"

एचडीआरसाठी (उजेड-अंधार आणि रंग यांचा जास्त आवाका दाखवणारं चित्र) मात्र दोन रविवार गेले. टीव्हीच्या प्रत्येक एचडीएमआय पोर्टची जास्त क्षमतेची सेटिंग वेगळी असते आणि ती मुळात बंद होती. ती चालू केल्यावर रंग आले, पण मधूनमधून पडदा क्षणभर काळा व्हायचा. मी डबीला दोष देत होते; निघाली पाच मीटरची जुनी केबल. दीड मीटरची प्रीमियम हाय स्पीड छापाची केबल लावल्यापासून एकदाही तसं झालं नाही.

माझ्या वडिलांनी २००३ ते २००८ या काळात मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर भरलेल्या एकोणीस टेप माहेरच्या कपाटात होत्या. मुंजी, बारशी, आजीचं सहस्रचंद्रदर्शन. या टेपमधलं चित्र ७२० बाय ५७६चं आणि इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. तासाला सुमारे १३ जीबी. बाजारात करून घेतलेल्या एका टेपच्या कॉपीत अर्धी चित्रं नुसती एकात एक मिसळली होती. हात हलला की कडांना कंगव्यासारखे दात. म्हणून फायरवायर (असे कॅमेरे जोडायचं जुनं) पोर्ट असलेला जुना लॅपटॉप मिळवून सगळ्या टेप स्वतः उतरवल्या. मग एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्रॅममधल्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम केली, म्हणजे सेकंदाला ५०. डीव्हीमध्ये खालच्या ओळींचं अर्धं चित्र आधी येतं, डीव्हीडीत बहुधा वरच्या ओळींचं. हा क्रम चुकला की माणसं थरथरत चालतात. क्रम बरोबर लागला आणि टीव्ही ५० हर्ट्झवर गेला, तेव्हा आजी पंक्तीत वाढताना जशी झपझप फिरायची तशीच फिरताना दिसली. मूळ डीव्ही फाइल मी पुसलेल्या नाहीत, तुम्हीही पुसू नका.

जिथे ही डबी कमी पडते तेही सांगते. दिराच्या लग्नाचं चित्रीकरण छायाचित्रकाराने कॅमेऱ्यातून निघालं तसं दिलं: ४के, एच.२६४, पण १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार. हा प्रकार या चिपच्या डीकोडरला येत नाही. चारही कोर शंभर टक्के आणि चित्र अडखळतं. रात्रभर लावून त्या फाइल एचईव्हीसीत बदलून घेतल्या, तेव्हा कुठे सगळ्यांना लग्न पाहता आलं. असं साहित्य रोजचं असेल तर एन१००वर अवलंबून राहू नका.

ओटीटीसाठी टीव्हीतलीच ॲप वापरतो. लिनक्सवर वाइडवाइन या कॉपी रोखणाऱ्या व्यवस्थेची एल१ ही सगळ्यात वरची पातळी मिळत नाही, त्यामुळे तिथे चित्र कमी रिझोल्यूशनचं येतं. त्याच कामासाठी पीसी घ्यायचा असेल तर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीव्हीच्या रिमोटने पीसी चालेल ही अपेक्षाही ठेवू नका. सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधून रिमोटच्या आज्ञा पोचवण्याची सोय, बहुतेक मिनी पीसीत नसते. आम्ही २.४ गिगाहर्ट्झचा छोटा रिमोट घेतला. सुरुवातीला तो दर चार बटणांमागे एक बटण गिळायचा. यूएसबी ३ला जोडलेली हार्ड डिस्क त्याच लहरींच्या पट्ट्यात गोंगाट करते, आणि रिमोटचा रिसीव्हर तिच्या शेजारीच खोचलेला होता. एक मीटरची एक्स्टेंशन वायर लावून तो पुढे आणला, त्या दिवसापासून सासूबाईंची तक्रार नाही.

आवाज टीव्हीतून ऑप्टिकल केबलने स्पीकर चालवणाऱ्या जुन्या ऑडिओ रिसीव्हरला जातो. ऑप्टिकलमधून ट्रूएचडी हा आवाजाचा प्रकार जात नाही आणि डीटीएस हा दुसरा प्रकार आमचा टीव्ही पुढे सोडत नाही, म्हणून कोडीत सगळं डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून पाठवायची सेटिंग ठेवली आहे. पाचही स्पीकर वाजतात. नवीन साउंडबार घेणाऱ्यांनी मात्र ईएआरसी (टीव्हीतून एचडीएमआयने पूर्ण दर्जाचा आवाज पाठवण्याची सोय) आहे का ते बघून घ्यावं.

सॉकेटवर मीटर लावून पाहिलं, ४के चालू असताना दहा-बारा वॅट. चैत्रात बंद शोकेसमध्ये डबी चांगलीच तापली आणि पंखा ऐकू येऊ लागला. मागची प्लाय कापून हाताएवढं भोक पाडलं, आता रात्री शांत प्रसंगातही ती जाणवत नाही. डबीचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असल्यामुळे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस तिला लावला आहे. वीज गेली की टीव्ही बंद पडतो, पण लिहिता लिहिता एसएसडी बंद पडण्याची भीती उरत नाही. फक्त अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते वाचून तेवढ्या क्षमतेचाच यूपीएस घ्या. आमच्या अडॅप्टरवर ३ आहे आणि दुकानदार २चा देत होता.