नवी कार, सांगली : गाडीचा आणि किमतीवर द्याव्या लागलेल्या पैशांचा अनुभव

गाडी दसऱ्याला घरी आली, आता उन्हाळा सरत आलाय. चार मीटरच्या आतली, 1.2 लिटर पेट्रोल इंजिनची हॅचबॅक. गाडीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तक्रार तिच्याबद्दल नाहीच. सांगली-मिरज रोजच्या ये-जामध्ये लिटरला 15-16 देते, पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलं की 20 च्या पुढे जाते. एप्रिलच्या उन्हातही एसी पुरतो. मागे तिघं बसली तर कराड ओलांडेपर्यंत अवघडतात आणि खराब रस्त्यावर सस्पेन्शन जरा कडक वाटतं. बाकी उत्तम.

लिहायचंय ते छापील किमतीवर शोरूमनं जे मागितलं त्याबद्दल, आणि त्या पैशांतून आलेल्या वस्तूंचं पुढं काय झालं त्याबद्दल.

22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ-विमा धरण्याआधीची, किंमत उतरून आठ लाखांच्या आसपास आली होती. पण ऑन-रोडच्या कागदावर खाली एकेक ओळ चढत गेलेली : आरटीओ 98,500, विमा 46,000, 'एसेन्शियल किट' (मडफ्लॅप, मॅट, सीट कव्हर असलं सामान) 32,000, हँडलिंग चार्जेस 8,500. कर कमी करून जे ग्राहकाच्या हातात यायला हवं होतं, त्यातलं बरंचसं इथंच अडवलं जात होतं. याचा मला तेव्हाही राग आला, आजही येतो.

हँडलिंग कशाचं, असं मी विचारलं. सेल्समन ह्यांच्याकडे बघून म्हणाला, “साहेब, यार्डातून गाडी आणायची, धुवायची, कागदपत्रं करायची. सगळेच देतात.” ह्यांनी सांगितलं, “मॅडमशी बोला. कर्ज त्यांच्या नावावर आहे, गाडी त्यांची आहे.” मग मी एवढंच मागितलं, की हे पैसे कशाचे ते लेटरहेडवर लिहून द्या आणि पक्क्या पावतीत दाखवा. हँडलिंग नावाची कुठलीही सरकारी फी नाही आणि गाडी विकायला तयार करणं हे विकणाऱ्याचंच काम आहे. मॅनेजर आत गेले, बाहेर आले, आणि ती ओळ खोडली गेली. लिहून मात्र काही मिळालं नाही.

विम्याच्या वेळी भीती घातली गेली : “बाहेरून घेतलात तर कॅशलेस होणार नाही.” म्हणजे दुरुस्तीचे पैसे विमा कंपनी थेट वर्कशॉपला देणार नाही. हे खरं नाही. डीलरमार्फत विकल्या जाणाऱ्या विम्यासाठी आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेचे 2017 चे नियम आहेत, त्यांत ग्राहकावर सक्ती करता येत नाही. 3 वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा), 1 वर्षाचा ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा), झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारा), आयडीव्हीही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तीच, असा विमा मी बाहेरून 33,000 ला घेतला. कॅशलेस होणं विमा कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप आहे का यावर ठरतं, ते घेण्याआधी फोन करून विचारून ठेवलं होतं. जानेवारीत, ऐन गळीत हंगामात, माधवनगर रस्त्याला उसाच्या ट्रॉलीनं मागचा दरवाजा घासून टाकला. त्याच शोरूमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस झालं. माझ्या खिशातून गेले ते क्लेममध्ये ग्राहकानं सक्तीनं भरायचे 1,000 आणि किरकोळ सामानाचे.

किटच्या बाबतीत मात्र आमचा नाइलाज झाला. “किटशिवाय गाडी दिवाळीनंतर,” असं स्पष्ट सांगितलं. सासूबाईंना डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं, रिक्षात त्यांचे फार हाल व्हायचे. घासाघीस करून 32 चे 18 हजार केले आणि गाडी घेतली.

त्या 18 हजारांतलं आज काय उरलंय? मडफ्लॅप चांगले आहेत. तसेच शंभर फुटी रोडवर बरेच स्वस्त मिळतात. मॅट पेडलकडे सरकतात म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचा काढून टाकला. बॉडी कोटिंगची चकाकी दिवाळीनंतर दिसली नाही. सगळ्यात गंभीर म्हणजे सीट कव्हर. या गाडीच्या पुढच्या सीटमध्येच साइड एअरबॅग आहेत, आणि शिवलेलं जाड कव्हर त्यांच्या उघडण्याच्या आड येऊ शकतं. मॅन्युअलमध्ये तसा इशाराच आहे. डिलिव्हरीच्या वेळी कुणी अवाक्षर काढलं नाही. वाचल्याच्या संध्याकाळी मी दोन्ही कव्हरं उतरवली. तुमच्याही गाडीत असं असेल तर आजच बघा, सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असतं.

आरटीओची रक्कम कुणी तपासत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर, 11 टक्के कर; म्हणजे आमचा साधारण 88 हजार. नोंदणी 600, कर्जाचा बोजा चढवायचे 1,500, वर किरकोळ. एमएच-10 चा नंबर आल्यावर पावती मागून घेतली तर सगळं मिळून 93 हजारांच्या आत. फरक मागितला, लेखी अर्ज दिला, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करणार असल्याचंही त्यात लिहिलं. पैसे खात्यावर जमा झाले.

एक्स्टेंडेड वॉरंटी तेव्हा घेतली नाही. ती मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते हे कंपनीकडून विचारून घेतलं होतं.

गेल्या आठवड्यात धाकट्या दिरांनी त्यांचं कोटेशन मला पाठवलं. हँडलिंग नाही, पण तेवढीच रक्कम 'डेपो चार्जेस' म्हणून आहे. त्यांनी ते कशाचे ते लेखी मागितलंय, शोरूमकडून अजून उत्तर नाही.