सेन्सर शाबूत होता, माझे १९,८५० रुपये गेले

माझ्याकडे २०१२ ची मारुती ईको व्हॅन आहे आणि हंगामात तिच्यातून हापूसच्या पेट्या पावसहून आंबा घाटाने कोल्हापूरला जातात. यंदा एप्रिलमध्ये ती जागेवर उभी असताना आपोआप रेस होऊ लागली, मग मंद पडून थरथरू लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला. महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून पी ०१७१ हा बिघाडाचा कोड दाखवला आणि "काका, ऑक्सिजन सेन्सर गेला," असे सांगितले. हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. पुढचे आपण ओळखलेच असेल. स्कॅनिंगचे ५००, ऑक्सिजन सेन्सरचे ५,८००, आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचे ३,४००, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीची सफाई व मजुरी २,६५० आणि शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, 'मुंबईहून दुरुस्त करून आणल्याचे' ७,५०० असे १९,८५० रुपये मी बारा दिवसांत मोजले.

मला जे समजायला हवे होते ते दुसऱ्याच दिवशी माझ्या डोळ्यांदेखत घडले होते. पुढची सीट उचलून तो इंजिनवर वाकला होता आणि त्याचा अंगठा पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली वाफ पुन्हा आत ओढून घेणाऱ्या, रबरी नळीच्या वळणावर टेकला, तेव्हा इतका वेळ वरखाली होणारे इंजिन एकदम शांत झाले. त्याने माझ्याकडे पाहिले, अंगठा काढला, इंजिन पुन्हा धापा टाकू लागले आणि त्याने सीट खाली आपटली. मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाने हे पाहून गप्प बसावे याची आज लाज वाटते. पण कोल्हापूरचा व्यापारी दर तासाला फोन करीत होता, चौदा पेट्या घरात पिकत होत्या आणि अशा वेळी माणूस समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो, हाताकडे नाही.

तो कोड मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याचे सांगतो, म्हणजे सेन्सर बिचारा खरे बोलत होता. अखेर आमच्या वाडीतल्या मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून नळ्यांच्या जोडांवर साबणाचे पाणी मारले. त्या वळणावर पाणी आत ओढले गेले आणि इंजिनचा आवाज बदलला. नळी खालच्या बाजूने चिरली होती. नवी १८० रुपयांना मिळाली. मग त्याने बॅटरीच्या उजेडात तो 'नवा' ऑक्सिजन सेन्सर दाखवला, तर खाऱ्या हवेने चढलेला गंज त्याच्या नटावर जसाच्या तसा होता आणि त्याला पाना लागल्याची एक खूणही नव्हती. जुना भाग मी मागितला होता, तेव्हा "तो कंपनीला परत द्यावा लागतो," हे उत्तर मी मुकाट्याने ऐकून घेतले होते. जुना भाग हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका आणि काम सुरू होण्याआधी त्याचा फोटो काढा.

पोलीस ठाण्यात "पैसे स्वखुशीने दिलेत ना?" असे विचारून मला परिवहन कार्यालयाकडे पाठवले; तिथे खिडकीवरच्या बाईंनी आपण गाड्यांची नोंद ठेवतो, गॅरेजांची नाही, असे सुनावले; पुन्हा ठाण्यात गेलो तर आधीचे साहेब रजेवर होते आणि नव्या साहेबांनी सगळे पहिल्यापासून ऐकून, माझा अर्ज उलटसुलट करून, पक्के बिल नसेल तर हा दिवाणी मामला आहे असे सांगत तो मलाच परत दिला. गॅरेजवाला पक्के बिल देत नाही हीच तर माझी तक्रार होती! तीन फेऱ्यांत माझ्या पेट्रोलचे पैसे गेले आणि पोचपावतीचा एक कागद हाती आला नाही.

स्कॅनर लावलाच, तर इंजिन मंद असताना आणि रेस दिल्यावर इंधनाची दुरुस्ती (म्हणजे संगणक स्वतःहून पेट्रोल किती वाढवतो किंवा कमी करतो) किती टक्के आहे ते दोन्ही आकडे दाखवायला सांगा. मंद असताना आकडा मोठा आणि रेस दिल्यावर उतरत असेल, तर आधी हवेची गळती शोधायला लावा. पेट्रोल शिंपडून गळती शोधणाऱ्याला मात्र गाडीजवळ फिरकू देऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे मला कोणत्याही खिडकीवर कोणी सांगितले नाही. मी तक्रार दाखल केली आहे, पण ती १२,३५० रुपयांचीच, कारण तेवढेच फोनवरून दिल्याची नोंद आहे. ईसीएमचे ७,५०० त्याने रोख मागितले होते आणि मी ते पेट्यांच्या आगाऊ रकमेतून त्याच्या हातावर मोजून ठेवले होते.